डोंगर ओळखीचा, म्हणून भीती नाही



३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी या ठाकर बांधवांच्या वस्तीवर तोच प्रसंग आला. मग शहरात प्रश्न निघतो, "हे लोक आधीच का निघत नाहीत?"

याला अडाणीपणा म्हणू नये. रोज दिसणाऱ्या डोंगराची भीती वाटत नाही. आजोबांपासूनचे सगळे पावसाळे नीट गेले, हाच मनाला पुरावा वाटतो. शेजारी उठत नाही, तोवर आपणही उठत नाही. शिवाय गुरे आणि भाताची खाचरे सोडली तर नुकसान नक्की. दरड मात्र 'कदाचित'. पुण्यात "जवळच तर जायचंय" म्हणून हेल्मेट घरी ठेवणाऱ्या आपलेही मन असेच चालते.

इर्शाळवाडी सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. म्हणून खुणा गावानेच ओळखाव्यात: जमिनीला भेगा, कललेली झाडे, झऱ्याचे एकाएकी गढूळ झालेले पाणी. यांतले काही दिसले की पहिले कोणते घर निघणार, म्हाताऱ्यांना कोण नेणार, गुरे कुठे बांधणार, हे पावसाळ्याआधीच बसून ठरवावे. एक घर निघाले की दुसऱ्याचा पाय उचलतो.

देवावर भरवसा ठेवणाऱ्यानेही वेळेवर घर सोडावे. धोका ओळखण्याची बुद्धी त्यानेच दिली आहे.