पोर सांभाळणं शिकावं लागतं

दिवाळी उरकली की आमच्या पाड्यावरची निम्मी घरं बंद होतात. दाराला कडी, कडीत काटकी, झालं कुलूप. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची म्हणून पोरं, कोंबड्या, भांडी असं सगळं टेम्पोत भरून निघायचं. अंबाडी नाक्यावरून भिवंडीकडे निघा नाहीतर वाड्याकडे, भट्ट्यांचा धूर दिसेलच. भट्टीच्या कडेला कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेली खोपटी असतात. त्यांना भोंगा म्हणतात. आत शिरायचं तर मोठ्या माणसाला वाकावं लागतं.

मी अंगणवाडी सेविका आहे, २००१ सालापासून. नाक्यापासून आत, चालत जायच्या पाड्यावर माझी अंगणवाडी. नोकरीच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. एक कुटुंब भट्टीवरून लवकर परतलं होतं. त्यांची आठ-नऊ वर्षांची पोर रोज अकराच्या सुमाराला माझ्या दाराशी येऊन उभी राहायची, कडेवर दहा महिन्यांचा भाऊ. उंबऱ्याच्या आत येत नसे. कडेवर पोर घेऊन घेऊन तिची एक बाजू कलली होती. उभी राहिली तरी तिरकी दिसे. शाळेत का जात नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "याला कोन बगंल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमाप्रमाणे तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत बसतात. त्याहून लहान बाळाचं वजन करायचं, लसीचं बघायचं, घरी न्यायचा आहार द्यायचा. बाळाला दिवसभर ठेवून घेणं त्यात बसत नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी घरून जुनं सुती पातळ आणलं आणि वाशाला झोळी बांधली. पोराला तीत घातलं, पोरीला शाळेत पाठवलं. महिन्याभराने तपासणी झाली तेव्हा मला विचारण्यात आलं, ही झोळी कुठल्या रजिस्टरात दाखवणार?

टीव्हीवर हल्ली 'नॅनी' हा शब्द ऐकू येतो. आमच्या आज्या 'आया' म्हणायच्या. तो शब्द म्हणे पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. शब्द कुठलाही घ्या, आमच्या भागात सगळ्यात जास्त राबणारी आया आठ वर्षांची असते. तिला पगार नाही, सुट्टी नाही आणि हे काम तिला कुणी शिकवलेलंही नाही.

मला मात्र शिकवलं गेलं. महिनाभराचं निवासी प्रशिक्षण होतं. घर सोडून महिनाभर राहायचं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, पोरं सांभाळायला कसलं आलंय शिक्षण, आम्ही पाच वाढवली ती काय शाळेत जाऊन? मलाही मनातून तसंच वाटत होतं.

आमच्या प्रशिक्षिका साठीच्या घरातल्या होत्या, कोसबाडला अनुताई वाघांच्या हाताखाली तयार झालेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा तीस बायकांना वर्गात उकिडवं बसवलं आणि विचारलं, "आता काय दिसतं सांगा." समोर भिंत होती. भिंतीवर फळांचे, प्राण्यांचे तक्ते लावलेले, पण ते सगळे आमच्या डोक्याच्या वर. आम्हाला दिसत होते भिंतीचे पोपडे आणि टेबलाचे पाय. "तीन वर्षांच्या पोराला तुमची अंगणवाडी एवढीच दिसते," त्या म्हणाल्या. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते तक्ते खाली आणण्याचं.

झोळीची गोष्ट मी त्यांना भीतभीतच सांगितली होती. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे तुम्ही नवीन काढलेलं नाही. आमच्याकडे याचीच संस्था झाली."

ती हकिगत आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली आहे. ताराबाई मोडक मुंबईत जन्मल्या १८९२ साली. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य होत्या. तसली मानाची जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील, पण वकिली सोडून बालमंदिर चालवत होते. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवलं. तिथे मुलं होती तशाच शिकायला आलेल्या शिक्षिकाही होत्या. मग १९४५ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई शहर सोडून बोर्डीला आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताई पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीला बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली पोरं तिथवर येईनात. मग बाईच वस्तीवर गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात वर्ग भरू लागला. 'अंगणवाडी' हे नाव तिथलं. आज देशभर सरकारी पाट्यांवर दिसणारा हा शब्द दिल्लीच्या कचेरीत जुळवलेला नाही. तो आपल्या समुद्रकाठच्या अंगणातून गेला, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

१९५६-५७ च्या सुमाराला काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथे माझ्या दारातलीच अडचण त्यांना शेकड्याने भेटली. मोठी मुलं शाळेत येत नव्हती, कारण धाकटं भावंड कडेवर होतं. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या आणि त्याला विकासवाडी म्हटलं. पोरीने भावाला पाळणाघरात ठेवायचं आणि पलीकडच्या वर्गात बसायचं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात तिथे मास्तर जाणार. मुलाला शाळेत ओढण्याऐवजी शाळा त्याच्याजवळ न्यायची, हे सूत्र या भागात नंतरही टिकलं. उसगावच्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या, त्या याच जातीच्या.

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मॉंटेसरीबाईंची साधनं महाग, सुबक, लाकडी. कोसबाडला शिंपले, बिया, खडे, बांबू यांवर भागवलं. आमच्या प्रशिक्षणातही एका दिवशी हेच होतं: दोन वाट्या आणि तांदूळ. एका वाटीतले दुसरीत ओतायचे, सांडू द्यायचे नाहीत, सांडले तर वेचायचे. आम्हाला हसू आलं. प्रशिक्षिकाबाईंनी समजावलं की ओतताना पोर मनगट वळवायला शिकतं आणि उद्या त्याच मनगटाने पेन्सिल धरतं. वेचताना अंगठा आणि पहिलं बोट जुळतं. तेव्हा कुठे मला कळलं की अडीच वर्षांचं पोर घरात डबे उपसतं तेव्हा ते खोडी काढत नसतं.

सगळ्यात अवघड धडा बघण्याचा होता. एका मुलाकडे तासभर नुसतं बघायचं आणि दिसलं तेवढंच लिहायचं. मी लिहिलं, 'मुलगा हट्टी आहे.' बाईंनी खोडलं. "हट्ट कुठे दिसला? त्याने काय केलं ते लिहा." पुन्हा बसले. तो प्लास्टिकच्या बाटलीत खडे टाकत होता. भरली की उपडी करायचा, पुन्हा पहिल्यापासून. मी मोजलं तर सव्वीस वेळा. कुणी हाक मारली की चिडायचा. मी ज्याला हट्ट म्हणत होते ती त्याची एकाग्रता होती. रोममध्ये मॉंटेसरीबाईंनी एक तीन वर्षांची मुलगी लाकडी दंडगोल खाचांत बसवताना पाहिली होती. तिने ते चाळीसहून अधिक वेळा केलं आणि आजूबाजूच्या गोंधळाकडे ढुंकून पाहिलं नाही. १९०७ मध्ये त्यांनी बालगृह काढलं होतं तेही कामगारांच्या वस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत हुंदडणाऱ्या पोरांसाठी.

ताराबाईंच्या जन्माच्याच वर्षी, १८९२ मध्ये, लंडनला एमिली वॉर्ड नावाच्या बाईंनी आया घडवणारी शाळा काढली. नॉरलँड तिचं नाव, आता ती बाथ शहरात आहे. तिथे तीन वर्षांची पदवी मिळते आणि वर एक वर्ष प्रत्यक्ष काम करावं लागतं. तपकिरी गणवेश ही तिथली ओळख. तिथून निघालेल्या मुलींना श्रीमंत घरं मागेल तो पगार देतात. तिकडे शिकलेली बाई धनवंताच्या घरी गेली, आपल्याकडे अंगणात आली. मला आपली वाट जास्त पटते, पण पगाराच्या बाबतीत त्यांची.

अंगणातल्या वाटेचा राजरस्ता झाला तो २ ऑक्टोबर १९७५ ला. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात लाखावर. एवढ्या बायकांना हे काम शिकवायचं म्हणजे जगातल्या कुठल्याही कॉलेजाला झेपणारं नाही. संख्या वाढली आणि शिकवण्याचे दिवस आक्रसले. मला महिना मिळाला होता. 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम मे २०२३ मध्ये जाहीर झाला, त्याचं सेविकांचं प्रशिक्षण तीन दिवसांचं. साहित्य चांगलं आहे, ते नाकारत नाही. पण तीन दिवसांत सव्वीस वेळा खडे टाकणारं पोर बघायला वेळ कुणाला? उरलेला जीव मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये जातो. पोराचं वजन भरलं पाहिजे, नेटवर्क आलं पाहिजे, चेहरा जुळला पाहिजे.

कागदावरचा विचार मात्र पुढे गेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पाया धरला. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेलीला वर्षाची पदविका द्यावी असं त्यात आहे. मी दहावीवाली, म्हणजे वर्षाची. पन्नाशीत परीक्षेला बसायला माझी हरकत नाही. मुलांची हजेरी त्या दिवशी कोण घेणार, एवढंच सांगा.

माझी पुतणी या वाटेला तरुणपणीच लागली. बारावीनंतर ती गोदामात पॅकिंगला जायची. भिवंडीच्या गोदामांना आमच्या गावांतून बायका नेणाऱ्या गाड्या सकाळी नाक्यावर थांबतात. तिच्याबरोबरच्या निम्म्या जणींची पोरं घरी म्हाताऱ्यांकडे नाहीतर मोठ्या बहिणीकडे. तेव्हाचा कायदा सांगायचा की कारखान्यात तीसहून जास्त स्त्रिया असतील तर पाळणाघर हवं. २०१७ पासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेलाही ते बंधनकारक झालं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. ती जिथे जायची तिथे बायका वेगवेगळ्या ठेकेदारांच्या नावावर वाटलेल्या होत्या. पाळणाघर कुणाच्याच हिशेबात येत नव्हतं.

तिने इग्नूची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका घेतली, वर्षाची, घरून अभ्यास करून. पुस्तकं हिंदीत होती. प्रकल्पासाठी ती माझ्या अंगणवाडीत येऊन बसायची. एक दिवस वहीत तिने लिहिलं, 'मुलगी लाजाळू आहे.' मी खोडलं.

शिकून ती शहरातल्या एका खासगी प्ले-स्कूलमध्ये लागली. तिथे तिने चिकणमाती मागितली तर गणवेश खराब होतील म्हणाले, आणि इंग्रजी बडबडगीतं पाठ करून घे म्हणून सांगितलं. पगार गोदामापेक्षा कमी. चार महिन्यांत सोडलं. आता ती दोन गावांपलीकडच्या एका घरात पाच बाळांचं पाळणाघर चालवते. बाळं सोडणाऱ्या बाया कमावत्या आहेत, जमेल तेवढे देतात. पाळणाघर चालवणारी शिकलेली आहे हे त्यांना माहीत आहे, पण त्या येतात ते ती वेळेवर दार उघडते म्हणून. मला त्यात गैर वाटत नाही. विश्वास आधी बसतो, शिक्षणाचं महत्त्व मागाहून कळतं.

आम्हा सेविकांचंही तसंच. आमच्या कामाला नोकरी म्हणत नाहीत, मानसेवा म्हणतात, आणि पगाराला मानधन. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा नाक्यावर आम्ही पेढे वाटले होते. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र संपावर बसावं लागलं. शिकवण वाढवायची तर आधी शिकणारीला टिकवावं लागतं. साधा व्यवहार आहे.

केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली आता 'पाळणा' योजना आहे. त्यात अंगणवाडीतच पाळणाघर चालतं, सहा महिन्यांपासूनच्या बाळाला ठेवता येतं आणि त्यासाठी वेगळी माणसं मिळतात. म्हणजे माझ्या झोळीला कागदावर अखेर रजिस्टर मिळालं. माझ्या पाड्यापर्यंत ती अजून पोचलेली नाही. तोवर वाशाला झोळी आहेच. तिरकी उभी राहणारी ती पोर आज दोन मुलांची आई आहे. भट्टीवर जाताना या वर्षी तिने धाकट्याला आजीकडे ठेवलं, आणि आजी त्याला रोज माझ्याकडे आणून सोडते.

दोन झोळ्या बांधल्या आहेत, त्यातली एक विरत आली आहे. नवीन साड्या सगळ्या सिंथेटिक, त्यात बाळाला उकडतं आणि गाठही सुटते. कुणाच्या पेटीत जुनं सुती नऊवारी पडून असेल तर अंबाडीच्या बाजूला येताना घेऊन या. नाक्यावर कुणालाही विचारा, अंगणवाडीच्या बाई म्हटलं की वाट दाखवतील.