कोलंबियाकाठचे बारा वर्षांचे भांडण

नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो व त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. हा द्रव प्रचंड जहाजांतून समुद्रापार नेतात. जेथे ही जहाजे लागतात, द्रवाच्या टाक्या उभ्या राहतात आणि त्याचा पुन्हा वायू करून तो नळाने पुढे धाडला जातो, त्या ठिकाणास टर्मिनल म्हणतात. त्याला खोल पाणी हवे आणि मागे मोकळी जमीन हवी. म्हणून नदीचे रुंद मुख कंपन्यांच्या डोळ्यांत भरते. आपल्याकडे वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळजवळ, असे टर्मिनल आहे. तेथील वीजप्रकल्पाला गुहागर तालुक्यातील गावकऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात केलेला विरोध पुष्कळांना आठवत असेल. आम्ही सांगणार आहोत ती हकीकत अमेरिकेतील कोलंबिया नदीची. तेथे टर्मिनल झालेच नाही.

ऑरेगन व वॉशिंग्टन या दोन राज्यांची सीमा होऊन कोलंबिया पॅसिफिकला मिळते. मुखाजवळचे ॲस्टोरिया हे सॅमन मासळीवर वाढलेले गाव. १८९६ साली तेथल्या मच्छीमारांनी मासळी डबाबंद करणाऱ्या कारखानदारांविरुद्ध भावासाठी संप केला. राज्याने शिपाई उतरवले. संपानंतर त्या लोकांनी, त्यांत फिनलंडहून आलेले बरेच होते, स्वतःचा सहकारी कारखाना काढला. अशा गावाला गप्प बसवणे सोपे नसते!

२००४ पासून या नदीवर टर्मिनलच्या योजना येऊ लागल्या. दोन विशेष गाजल्या. एक ॲस्टोरियाशेजारी वॉरेंटन येथे, दुसरी नदीत सुमारे ६० किलोमीटर आत ब्रॅडवूड या जुन्या लाकूडगिरणीच्या जागी. मच्छीमारांचे म्हणणे सरळ होते. जहाज चालू लागले की त्याच्याभोवती सुरक्षेचा फिरता पट्टा राहणार, आणि जाळी टाकून बसलेल्या माणसाने ती गुंडाळून बाजूला व्हायचे. नदीचा तळ उपसला जाणार. जहाजे नदीचे पाणी ओढून घेणार, त्याबरोबर सॅमनची पिलेही जाणार. आणि या खोऱ्यातील सॅमन व स्टीलहेड यांचे तेरा गट आधीच कायद्याने संकटग्रस्त ठरलेले. शेतकऱ्यांना व जंगलमालकांना वेगळी धास्ती होती. नळ त्यांच्या जमिनीतून जाणार, आणि केंद्राची मंजुरी मिळालेल्या कंपनीला त्यासाठी सक्तीने जमिनीवर हक्क मिळवता येतो.

पण अडवायचे कोठे? २००५ च्या कायद्याने टर्मिनलची जागा मंजूर करण्याचा अधिकार केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाच्या हाती एकवटला होता, आणि सप्टेंबर २००८ मध्ये आयोगाने ब्रॅडवूडला मंजुरी दिलीही. लोकांनी मोठ्या दाराशी धडका मारीत बसण्याऐवजी लहान दारे शोधली. पाणी, हवा व किनारा यांविषयीचे परवाने राज्याकडे उरले होते; जमिनीच्या वापराचे नियम काउंटीकडे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याकडे. क्लॅटसप काउंटीच्या मंडळाने उद्यानासाठी राखलेल्या जमिनीतून नळ नेता यावा म्हणून नियम बदलला. लोकांनी सह्या गोळा करून तो मतदानास लावला. आयोगाची मंजुरी आली त्याच महिन्यात सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी तो फेटाळला. काउंटीच्या जुन्या आराखड्यात ब्रॅडवूडला ‘लहान किंवा मध्यम’ प्रमाणावरील उद्योग चालेल असे लिहिले होते. एवढे अवाढव्य टर्मिनल ‘मध्यम’ कसे, यावर वकिलांनी रीतसर वाद घातला! जानेवारी २००९ मध्ये राज्याच्या भूवापर अपील मंडळाने काउंटीची मंजुरी फेरविचारासाठी परत धाडली. मे २०१० मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले.

यात बाजाराचाही हात होता, हे लपवण्यात अर्थ नाही. या योजना परदेशी वायू आणण्यासाठी होत्या. तेवढ्यात अमेरिकेतच शेल खडकांतून वायू निघू लागला व भाव कोसळले. परंतु लोकांनी वेळ काढला नसता तर भाव कोसळेपर्यंत नदीकाठी टाक्या उभ्या राहिल्या असत्या. पुढे २०१२ मध्ये वॉरेंटनच्या कंपनीने तोंड फिरवून वायू बाहेर धाडण्याचा अर्ज केला. देशाला वायू हवा म्हणून ज्यांना त्याग शिकवला, त्यांनाच आता देशात वायू जास्त झाला म्हणून तोच नळ सोसायचा होता.

आम्हांला सर्वांत बोचणारा भाग हा, की बांधकाम मजुरांच्या संघटना टर्मिनलच्या बाजूने उभ्या होत्या. त्यांना दोष देणे सोपे आहे. गिरण्या बंद पडलेल्या मुलखात दोन-तीन वर्षांचे पक्के काम म्हणजे काय, हे घरी चूल थंड पडलेल्यालाच कळते. परंतु टर्मिनल उभे राहिले की ते चालवायला थोडकीच माणसे लागतात, आणि नदीवर जगणाऱ्याचा रोजगार कोणाच्याही हजेरीपटावर नसतो, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही. गेटसभेत हा प्रश्न कोणी मांडायचा? आमच्या मते तो संघटनेनेच मांडायला हवा होता. ‘कोलंबिया रिव्हरकीपर’सारख्या नदीरक्षक संस्थेवर तो सोडायला नको होता.

वॉरेंटनचा नळ काउंटी मंडळाने २०१० च्या अखेरीस मंजूर केला. जानेवारी २०११ मध्ये नवे सभासद आले व तो निर्णय मागे घेतला गेला. २०१३ मध्ये काउंटीने साफ नकार दिला. मार्च २०१६ मध्ये वॉरेंटन नगराच्या सुनावणी अधिकाऱ्यानेही परवानगी नाकारली, आणि एप्रिलमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. ऑरेगनच्या दक्षिणेस कूस उपसागरावरील जॉर्डन कोव्हची योजना त्यानंतरही पाच वर्षे लोंबकळत राहून डिसेंबर २०२१ मध्ये सोडून दिली गेली. तेथेही शेतकरी, मच्छीमार व क्लॅमथ आदिवासी एका बाजूस होते, आणि बांधकाम मजूर दुसऱ्या.