नासाकोटरांचा कवक संसर्ग, अस्थिमज्जा प्रतिरोपणातील

अस्थिमज्जा प्रतिरोपण झालेल्या मुलांच्या नासाकोटरांत (नाकालगतच्या हाडांतील हवेच्या पोकळ्यांत) कवकांच्या आक्रमणाने होणारा गंभीर रोग. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रतिरोपण २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण रक्ताचा कर्करोग झालेली ९ वर्षांची मुलगी व दाता तिचा भाऊ होता.

प्रतिरोपणापूर्वी मूळ मज्जा तीव्र औषधांनी, काही वेळा प्रारणानेही, नष्ट करतात. नवी मज्जा रुजेपर्यंत, साधारणतः २ ते ४ आठवडे, रक्तात न्यूट्रोफिल श्वेत कोशिका जवळजवळ नसतात. ॲस्परजिलस व म्यूकर गटांतील कवकांची बीजुके धूळ, ओल्या भिंती व कुजका पालापाचोळा यांतून हवेत येतात. प्रत्येक जण ती रोज श्वासावाटे घेतो व निरोगी शरीर ती नष्ट करते. येथे मात्र ती रुजतात. कवकतंतू रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडतात, ऊतक मरून काळे पडते आणि संसर्ग डोळा व मेंदूकडे सरकतो.

निदानातील खरी अडचण वेगळीच आहे. पू, सूज व लाली ही नासाकोटरशोथाची परिचित लक्षणे बव्हंशी श्वेत कोशिकांच्या प्रतिकारामुळेच उद्‌भवतात. त्या नसल्याने रोग मुकाट्याने वाढतो. प्रतिजैविकांना न जुमानणारा ताप, नाकातून थोडे रक्त, गालाची बधिरता एवढ्याच खुणा मिळतात, आणि लहान मुलाला त्याही नीट सांगता येत नाहीत. संगणकीय छेददर्शनातील कोटरांच्या अस्तराची जाडी साध्या पडशातही दिसते. म्हणून नाक दुर्बिणीने पाहून संशयित जागेची जीवोतक परीक्षा करतात. काळी खपली दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर होय.

कवकाचा गट ओळखणे आवश्यक असते, कारण ॲस्परजिलसवर गुणकारी ठरणारे व्होरिकोनॅझोल म्यूकरवर निरुपयोगी आहे. तेथे ॲम्फोटेरिसिन-बी देतात. मृत ऊतक शस्त्रक्रियेने काढतात, परंतु बिंबाणू कमी असल्याने रक्तस्रावाचे भय असते. मज्जा रुजली नाही, तर हे सर्व उपाय अपुरे पडतात.

२०२१ मध्ये कोविड-१९ च्या साथीत म्यूकरचा रोग महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ या नावाने घरोघरी माहीत झाला (काळे असते ते मृत ऊतक, बुरशी नव्हे). तेथे मधुमेह व स्टेरॉइडे ही प्रमुख कारणे होती. प्रतिरोपणानंतरही दात्याच्या कोशिकांनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला आवरण्यासाठी स्टेरॉइडे द्यावी लागल्यास धोका अनेक महिने टिकतो. रुग्णालयात गाळलेली हवा व प्रतिबंधक औषधे असतात. घरी केवळ औषधेच उरतात. वसईजवळील वालीवसारख्या कारखान्यांच्या व बांधकामांच्या परिसरात परतलेल्या मुलाला धूळ, खोदकाम व पावसाळ्यात ओल येणाऱ्या खोल्या यांपासून दूर ठेवावे लागते, आणि ताप आल्यास त्याच दिवशी प्रतिरोपण केंद्राला कळवावे लागते.