लेखकाची नोंद आणि पुराव्याची अट

विकिपीडिया या ज्ञानकोशातील चूक खुद्द लेखकालाही केवळ आपल्या शब्दावर दुरुस्त करून घेता येत नाही. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांना २०१२ मध्ये हाच अनुभव आला. ‘द ह्यूमन स्टेन’ ही कादंबरी अनातोल ब्रॉयार्ड यांच्या जीवनावरून सुचल्याचा उल्लेख त्यांना अमान्य होता. परंतु त्यांच्याकडे अन्य प्रकाशित आधार मागण्यात आला. अखेर ‘द न्यूयॉर्कर’च्या संकेतस्थळावर अनावृत पत्र लिहून, आपले स्नेही प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन यांच्यावरील प्रसंगातून ती स्फुरल्याचे त्यांनी सांगितले. हे पत्रच मग आधार ठरले.

अट जाचक खरी. तथापि, गावच्या लेखकाचे जन्मवर्ष चुकले असल्यास आप्तांनी मजकूर स्वतः न बदलता चर्चापानावर दुरुस्ती सुचवावी आणि सोबत ग्रंथाचे नाव, प्रकाशनवर्ष व पृष्ठांक द्यावा.