उशिरा पोहोचलेली चिठ्ठी

इतिहासाच्या पुस्तकात लढाईचा निकाल आधीच छापलेला असतो. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते, हे असेच व्हायचे होते. ज्यांनी निर्णय घेतले त्यांना मात्र पुढचे पान दिसत नव्हते. हे न दिसणे विद्यार्थ्यांना अनुभवायला देणारा एक प्रकार आहे, त्याबद्दल आज सांगणार आहे.

अभिरूप संसद आपल्या ओळखीची आहे. अभिरूप संयुक्त राष्ट्रसभाही आता मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयांत भरतात. त्यातलीच एक शाखा म्हणजे 'संकट-सभा'. इथे भाषणापेक्षा निर्णयाला महत्त्व. प्रत्येकाला इतिहासातली एक व्यक्ती, तिचे अधिकार आणि तिचा छुपा हेतू लिहिलेला कागद मिळतो. हुकूम चिठ्ठीवर लिहून संयोजकाकडे पाठवायचा, तिकडून त्याचा परिणाम बातमी होऊन येतो. तोवर घड्याळ थांबत नाही. खर्च म्हणाल तर दोन खोल्या आणि कोरे कागद.

उमरखेडला मी हा खेळ मांडतो तेव्हा मंगोल साम्राज्य घेतो. पैनगंगेकाठच्या मुलांना मंगोलिया कशाला, असे कोणी ना कोणी विचारतेच. उत्तर सोपे आहे. शिवकाल घेतला की कोण बरोबर हे मुलांनी घरूनच ठरवून आणलेले असते. मंगोलांच्या बाबतीत कुणाचाच अभिमान आड येत नाही.

प्रसंग १२४१ सालचा. एप्रिलमध्ये मोहीच्या लढाईत बातूच्या सैन्याने हंगेरीच्या राजाचा पराभव केला आहे. डिसेंबरात तिकडे मंगोलियात ओगेदेई खान मरण पावतो. नवा खान निवडायला राजघराण्याची सभा, म्हणजे कुरुलताई, भरवावी लागणार. एका खोलीत बातूची छावणी, दुसरीत राजधानी काराकोरम; मधले अंतर सुमारे ६ हजार किलोमीटर. मंगोलांची घोडे बदलत जाणारी टपाल-व्यवस्था, 'याम', त्या काळी फार वेगवान होती. तरीही बातमीला आठवडेच्या आठवडे लागणार. म्हणून प्रत्येक चिठ्ठी मी वीस मिनिटे अडवून ठेवतो. खरी गंमत इथे सुरू होते. छावणीत पुढच्या स्वारीचे बेत चाललेले असतात आणि ज्याच्या नावाने हुकूम निघतात तो खान केव्हाच गेलेला असतो!

प्रत्यक्षात मंगोल १२४२ मध्ये हंगेरीतून परतले. कारण खानाचा मृत्यू, की चाऱ्याची टंचाई आणि दलदल, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ओगेदेईची विधवा तोरेगेने हिने कारभार हाती घेतला आणि १२४६ मध्ये आपला मुलगा गुयुक याला गादीवर बसवले. बातू त्या सभेला गेलाच नाही, प्रकृतीचे कारण सांगून. मुलांना हे शेवटी सांगतो. त्यांची तोरेगेने बहुधा इतकी चिवट नसते.

या खेळात एक धोकाही आहे. नकाशावर बोट ठेवून 'हे शहर जाळा' म्हणणे मुलांना फार सोपे जाते. म्हणून मी एक खुर्ची वेढ्यातल्या नगराला देतो. त्या खुर्चीवरच्या मुलाला बोलायचा हक्क असतो, हुकमाचा नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच तटाच्या आत बसवतो. रायगड, मार्च १६८९. संभाजीराजांची हत्या झाली आहे, मोगलांचा वेढा पडला आहे. गडावर एकोणीस वर्षांचे राजाराम, येसूबाई आणि सात वर्षांचेही नसलेले शाहू. सगळ्यांनी एकत्र राहायचे की फुटायचे? आदल्या दिवशी शहरे जाळणारी मुले इथे गप्प होतात. बहुतेक गट म्हणतात, सगळ्यांना बाहेर काढू. मग मी विचारतो, रात्रीच्या वाटेवर लहान मुलाला घेऊन किती जण निसटतील?

एप्रिलमध्ये राजाराम गडाबाहेर पडले आणि पुढे जिंजीला पोहोचले. येसूबाई मागे राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला, त्या आणि शाहू कैद झाले. येसूबाई परत आल्या त्या १७१९ मध्ये. त्यांची भूमिका करणारी मुलगी हमखास विचारते, "सर, कैद किती दिवसांची?" निर्णयाची चिठ्ठी हातात पडेपर्यंत मी तो आकडा सांगत नाही.