पोहण्याचा कपडा आणि पोहण्याचा वेग: फरक कुठे पडतो, कुठे नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहण्याचे वर्ग सुरू झाले की फिटनेस सर्टिफिकेटसाठी मुले दवाखान्यात येतात. तपासणी संपल्यावर सोबतचे पालक हमखास कपड्यांबद्दल विचारतात. "टी-शर्ट आणि लेगिंग घालून पोहली तर चालेल ना?" असा एक प्रश्न असतो. "स्पर्धेसाठी महागडा सूट घ्यावा का?" हा दुसरा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे पाणी शरीराला किती अडवते.

पाणी कसे अडवते?

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे. त्यामुळे पोहताना आपली बरीचशी ताकद पाणी बाजूला सारण्यातच खर्च होते. वेग वाढवला की हा अडथळा त्याहून झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट केला तर अडथळा साधारण चौपट होतो.

हा अडथळा तीन प्रकारचा असतो:

- शरीराच्या आकारामुळे: शरीर पाण्यात आडवे आणि सरळ असेल तर अडथळा कमी होतो. पाय खाली लोंबले की तो वाढतो.
- घर्षणामुळे: त्वचेवरून आणि कपड्यावरून पाणी घासत जाते.
- लाटांमुळे: पुढे जाताना शरीर पाणी ढकलून लाटा तयार करते. त्यातही ताकद जाते.

कपडा या तिन्हींवर थोडाफार परिणाम करतो. पण सगळ्यात मोठा वाटा शरीराच्या स्थितीचा, म्हणजे पोहण्याच्या पद्धतीचा असतो.

सैल कपडा का नको?

ओले कपडे जड होतात आणि म्हणून माणूस खाली ओढला जातो, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आपण पाण्यात असेपर्यंत भिजलेल्या कपड्याचे बरेचसे वजन पाणीच पेलते. ते वजन जाणवते ते शिडीवरून किंवा काठावरून वर येताना.

पाण्यात खरी अडचण वेगळीच असते. सैल टी-शर्ट, बर्म्युडा किंवा सलवार पाण्याने पिशवीसारखी फुगते. प्रत्येक हात मारताना ती पिशवी आपल्याबरोबर ओढावी लागते. कापड हातापायांना गुंडाळते आणि पाय नीट मारता येत नाहीत. नव्याने शिकणारे मूल यामुळे लवकर दमते. दमले की घाबरते आणि घाबरले की श्वास चुकतो. म्हणून सैल कपड्यांचा प्रश्न वेगापेक्षाही सुरक्षिततेचा आहे. गावाकडे पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवताना मुलाला फक्त चड्डीवर पाण्यात उतरवतात, ते योग्यच आहे.

ओढणी, लांब नाड्या, मोकळे केस आणि गळ्यातले दोरे यांचीही काळजी घ्या. टँकच्या तळाशी पाणी ओढून घेणारी जाळी असते, तिच्यात ते अडकू शकतात.

अंग झाकणारा पोशाख हवा असेल तर संकोच करू नका. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा स्विमिंग कॉस्च्युम मिळतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये लायक्रा मिसळलेला असा कॉस्च्युम अंगाला नीट बसत असेल, तर त्यात आरामात पोहता येते. कपडा किती लांब आहे यापेक्षा तो किती सैल आहे, हे महत्त्वाचे.

महागड्या सूटने वेग खरंच वाढतो का?

अव्वल खेळाडूंचा वाढतो. फेब्रुवारी 2008 मध्ये स्पीडो कंपनीचा एलझेडआर रेसर हा सूट आला. त्यात पॉलियुरेथेनचे पट्टे होते आणि शिवणीऐवजी सांधे चिकटवलेले होते. तो शरीर घट्ट आवळून गुळगुळीत करायचा. त्या वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 25 विश्वविक्रम झाले. त्यातले 23 हा सूट घातलेल्या खेळाडूंचे होते.

पुढच्या वर्षी इतर कंपन्यांनी संपूर्ण पॉलियुरेथेनचे सूट आणले. त्यांच्यामुळे शरीर पाण्यात किंचित वर तरंगायचे आणि अडथळा आणखी कमी व्हायचा. 2009 च्या रोममधील जागतिक स्पर्धेत तब्बल 43 विश्वविक्रम झाले. जर्मनीच्या पॉल बीडरमनने तिथे 200 मीटर फ्रीस्टाइलमध्ये मायकेल फेल्प्सला हरवले आणि 1 मिनिट 42.00 सेकंदांचा विक्रम केला. तो पुढे पंधरा वर्षांहून अधिक काळ टिकला.

यात पोहणारा किती आणि सूट किती, हे सांगणे अवघड झाले. अखेर जागतिक जलतरण संघटनेने 1 जानेवारी 2010 पासून असे सूट बंद केले. आता टँकमधील स्पर्धेत कापडाचेच सूट चालतात. पुरुषांचा सूट कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि महिलांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच असावा लागतो.

मग मुलासाठी घ्यावा का?

माझे उत्तर साधारणपणे "नको" असेच असते. ज्याची पद्धत पक्की झाली आहे आणि जिथे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो, तिथे सूटचा उपयोग होतो. शिकणाऱ्या मुलाचे पाय खाली लोंबत असतील किंवा श्वास घेताना डोके जास्त वर येत असेल, तर त्यात गमावलेले सेकंद कोणताही सूट परत देत नाही.

हे सूट अतिशय घट्ट असतात. घालायलाच बराच वेळ लागतो आणि त्यांचा ताणही लवकर जातो. वाढत्या वयाच्या मुलाला ते काही महिन्यांत लहान होतात. अमेरिकेतील जलतरण संघटनेने तर 2020 पासून 12 वर्षे आणि त्याखालील मुलांच्या स्पर्धांत अशा सूटवर निर्बंध आणले आहेत.

वेग मंदावला तर आधी शरीर तपासा

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका तेरा वर्षांच्या मुलीचे 50 मीटरचे टायमिंग तीन महिने घसरत होते. बरोबरीच्या मुलींनी नवे सूट घेतले म्हणून ती मागे पडते, असे आईला वाटत होते. मुलगी फिकट दिसत होती. विचारल्यावर कळले की पाळीत रक्तस्राव खूप होतो. तपासणीत हिमोग्लोबिन 8.9 निघाले. लोहाच्या गोळ्या आणि पाळीचे उपचार सुरू केले. काही महिन्यांनी जुन्याच कॉस्च्युमवर तिचे टायमिंग पूर्वीसारखे झाले. नवा सूट घेतला असता, तर ॲनिमिया आणखी काही महिने लपून राहिला असता.

वेग कमी होण्यामागे दमा, खांद्याची दुखापत, अपुरी झोप, कमी आहार किंवा नुकताच येऊन गेलेला तापही असू शकतो.

कॉस्च्युम कसा निवडावा?

- कोरडा असताना अंगाला घट्ट बसावा. पाण्यात तो थोडा सैल होतो.
- घालून हात वर करा, खोल श्वास घ्या, खाली बसा. श्वास अडता कामा नये आणि खांद्याचा पट्टा रुतता कामा नये.
- मुलांनी सैल बर्म्युडाऐवजी मांडीला चिकटून बसणारी स्विमिंग ट्रंक वापरावी.
- पोहून झाल्यावर ओला कॉस्च्युम लगेच बदला. तो तासन् तास अंगावर राहिला तर जांघेत नायटा, पुळ्या किंवा मुलींना योनीमार्गात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.
- कॉस्च्युम साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. क्लोरीनमुळे लायक्रा सैल पडतो. मागून ढिला होऊन पाणी भरू लागला की बदला.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- नियमित सराव असूनही काही आठवडे वेग घसरत असेल किंवा लवकर थकवा येत असेल.
- टँकवरून आल्यावर खोकला किंवा छातीत घरघर होत असेल.
- हात वर उचलताना खांदा दुखत असेल.
- जांघेतली खाज किंवा पुरळ आठवड्याभरात कमी होत नसेल.

पोहताना छातीत दुखले, धडधड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर पोहणे तिथेच थांबवा. अशा वेळी ईसीजी आणि हृदयाची तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पाण्यात उतरू नका. काही मुलांमध्ये हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष पोहतानाच पहिल्यांदा लक्षात येतो.

थोडक्यात, सैल कपड्याऐवजी अंगाला नीट बसणारा साधा कॉस्च्युम घेतला की कपड्यामुळे होणारा बहुतेक फायदा मिळालेला असतो. त्यापुढचे पैसे चांगल्या कोचवर आणि मुलाच्या ताटातल्या जेवणावर खर्च करा.