वेळ वाचवणारे स्वयंपाकघर : एका डॉक्टर-आईची टिपणे

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा त्यांची अपेक्षा बालरोगशास्त्रातील एखाद्या विषयाची असावी. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत मंडळाच्या स्नेहसंमेलनांत आम्हा डॉक्टर भगिनींमध्ये सर्वाधिक चर्चा झालेला विषय कोणता, असा विचार केला, तेव्हा उत्तर निराळेच आले. सायंकाळची ओपीडी आटोपून घरी परतल्यावर मुलांच्या पानात काय वाढायचे आणि किती वेळात वाढायचे, हा तो विषय. हल्ली तो केवळ भगिनींपुरता उरलेला नाही, ही आनंदाची गोष्ट. म्हणून प्रस्तुत लेखात माझ्या इंदूरच्या घरातील स्वयंपाकघराचा अनुभव आणि त्यामागचे थोडे शास्त्र मांडते आहे.

प्रारंभ एका चुकीच्या कबुलीने करते. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. यजमान भूलतज्ज्ञ, त्यामुळे त्यांच्या वेळेचा भरवसा नाही, आणि माझी सकाळ-सायंकाळ ओपीडी. मे महिना होता, पारा चाळिशीपार गेलेला. रात्री नऊच्या सुमारास भात जास्त झाला, तो पातेल्यात झाकून ओट्यावरच राहिला. उद्याची एक खटपट वाचली, असे मनाशी म्हणून मी निजले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरकामाच्या बाईंनी त्याच भाताचा फोडणी दिलेला दहीभात मुलाला वाढला. दोन तासांत त्याला उलट्या सुरू झाल्या, त्या सायंकाळपर्यंत थांबल्या नाहीत. ओआरएसचा घोट-घोट पाजत मी त्याच्या उशाशी बसले होते. त्याच दिवशी सकाळी ओपीडीत तीन मातांना उन्हाळ्यात शिळे अन्न देऊ नका, असे मी बजावले होते! मुलगा दुसऱ्या दिवशी खेळू लागला. मात्र वाचवलेल्या वेळेची किंमत कोण चुकवते, हे मला त्या रात्री उमगले. तेव्हापासून स्वयंपाकघरातील प्रत्येक युक्तीला मी दोन प्रश्न विचारते : वेळ किती वाचतो, आणि धोका किती वाढतो?

वेळ जातो कुठे?

रुग्णाचा इतिहास घेतल्याविना आपण औषध लिहीत नाही. त्याच शिस्तीने मी एक आठवडा वहीत नोंदी केल्या. त्यावरून असे दिसले की स्वयंपाकाचा वेळ तीन प्रकारचा असतो. पहिला विचाराचा : आज काय करायचे, घरात काय आहे, याचा खल. दुसरा हाताचा : निवडणे, चिरणे, वाटणे, लाटणे. तिसरा प्रतीक्षेचा : भिजणे, शिजणे, निवणे. या तिन्हींवरचा उपाय वेगवेगळा आहे. बहुतेक घरांत घाई केली जाते ती हाताच्या कामात, आणि नेमकी तिथेच बोटे कापतात. प्रत्यक्षात पुष्कळसा अपव्यय पहिल्या प्रकारात होतो.

विचाराचा वेळ

यावर एकच उपाय, आठवड्याचा तक्ता. रविवारी सकाळी पोहे-जिलबी खाता खाता आम्ही तिघे तो करू लागलो. सोमवारी मूग, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी राजमा किंवा छोले, असा ढोबळ क्रम, आणि एक वार मुलाच्या पसंतीचा. तक्ता फ्रिजच्या दारावर लावला की बाजारहाटही त्याच्याच आधारे होतो. ज्या घरात स्वयंपाकाला बाई येतात, तिथे तर हा तक्ता म्हणजे वॉर्डातील ट्रीटमेंट चार्टच समजावा. तोंडी सूचनांतून होणारे घोटाळे टळतात.

हाताचा वेळ

हाताचे काम कमी करता येत नाही, परंतु एकत्र करता येते. दाण्याचे कूट, भाजलेले खोबरे, जिरेपूड ही कोरडी तयारी महिन्यातून दोनदा पुरते. कांदा-टोमॅटोचे परतलेले वाटण तीन-चार दिवसांच्या बेताने करून फ्रिजमध्ये ठेवावे. अधिक दिवस हवे असल्यास लहान लहान डब्यांतून गोठवावे. खवलेला ओला नारळ आणि हिवाळ्यात माळव्यात मुबलक मिळणारे मटार हे गोठवणीत उत्तम टिकतात. मटार उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात घालावेत. त्यामुळे रंग व चव बिघडवणारी विकरे निष्क्रिय होतात.

पालेभाजी आणल्याबरोबर निवडावी, परंतु चिरून ठेवू नये. चिरल्यावर पेशी फुटतात आणि क जीवनसत्त्वाचा ऱ्हास सुरू होतो. चिरल्यावर धुतल्यास ते पाण्याबरोबर वाहूनही जाते. म्हणून आधी धुणे, मग चिरणे, हा क्रम कधी मोडू नये. मळलेली कणीक फ्रिजमध्ये काळसर पडते ती गव्हातील विकरांमुळे. घट्ट झाकून ठेवल्यास एक दिवस ती खुशाल वापरावी.

आले-लसणाच्या वाटणाबाबत मात्र सावधगिरी हवी. ते टिकावे म्हणून तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. लसूण जमिनीतून येतो, त्यावर क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनमचे बीजाणू असू शकतात, आणि तेलाखाली प्राणवायू नसतो. १९८५ साली कॅनडातील व्हँकूवर येथे तेलातील लसणामुळेच बॉटुलिझमचा उद्रेक झाला होता. तेव्हा हे वाटण बर्फाच्या साच्यात गोठवावे, आणि फोडणीच्या वेळी एकेक वडी काढावी. वेळही वाचतो, चिंताही मिटते.

प्रतीक्षेचा वेळ

हा वेळ आपला नसतोच. तो कडधान्याचा आणि कुकरचा असतो. आपण फक्त तो आपल्या झोपेच्या किंवा ओपीडीच्या काळात बसवायचा. रात्री निजताना राजमा, छोले, मटकी भिजत घालण्यास एक मिनिट लागते. सकाळी मटकी उपसून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड तयार. मोड आल्याने फायटेटचे प्रमाण घटते आणि लोहाचे शोषण सुधारते. वर लिंबू पिळल्यास आणखी लाभ. रक्तक्षयाने फिकट पडलेली मुले रोज पाहणाऱ्या आपणा सर्वांना याचे महत्त्व सांगायला नको. राजम्याचे भिजवलेले पाणी फेकून द्यावे आणि तो पूर्ण मऊ शिजवावा. अर्धकच्च्या राजम्यातील फायटोहीमॅग्लुटिनिन या द्रव्यामुळे काही तासांतच तीव्र उलट्या होऊ शकतात.

आता कुकरविषयी. आपल्यापैकी प्रत्येकाने ऑटोक्लेव्ह वापरला आहे, परंतु घरचा कुकर हा त्याचाच वडील भाऊ आहे, हे क्वचितच ध्यानात येते. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे मऊ करणारे दाबाचे भांडे सादर केले. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८७९ साली, पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स चेंबरलँड यांनी ऑटोक्लेव्ह सिद्ध केला. तत्त्व एकच. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर असल्याने उघड्या पातेल्यातील पाणी इथे सुमारे ९८ अंशांनाच उकळते. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे तेच तापमान ११५ ते १२० अंशांपर्यंत जाते, आणि डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजते.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. शिटी होणे म्हणजे ठरलेला दाब गाठून जादा वाफ बाहेर पडणे. त्यानंतर आच मोठी ठेवल्याने आतले तापमान वाढत नाही, केवळ गॅस आणि पाणी वाया जाते. म्हणून पहिल्या शिटीनंतर आच मंद करावी आणि शिट्या न मोजता मिनिटे मोजावीत. ऑटोक्लेव्हमध्ये आपण तरी दुसरे काय करतो? एकाच कुकरच्या तीन भांड्यांत डाळ, भात आणि बटाटे लावले की सायंकाळचा अर्धा स्वयंपाक उरकतो. तोवर मुलाचा गृहपाठ पाहता येतो.

मात्र कुकर दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. फेसाळणारी डाळ असल्यास निम्माच भरावा. रबरी गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वेळोवेळी तपासावेत. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. घाईत झाकण ओढल्याने चेहरा पोळलेल्या माता आणि ओट्याशी घोटाळणारी त्यांची मुले मी पाहिली आहेत. तिथे वाचवलेली दोन मिनिटे फार महाग पडतात.

उरलेले अन्न : मैत्री आणि मर्यादा

आता त्या दहीभाताकडे वळते. प्रयोगशाळेत तपासणी केली नव्हती, परंतु सारा घटनाक्रम बॅसिलस सेरिअसकडे बोट दाखवणारा होता. या जंतूचे बीजाणू तांदळावर असतात आणि साध्या शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते अंकुरतात, वाढतात आणि विष निर्माण करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून “गरम करून दिले होते ना?” या प्रश्नाला इथे काही अर्थ उरत नाही. जंतू मेले तरी विष शाबूत असते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली प्रसृत केलेल्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, असे सांगितले आहे. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा आहे. आपल्या मे महिन्यात तर मी एक तासाचीच मर्यादा पाळते. उरलेला भात किंवा वरण खोल पातेल्यात ठेवू नये, कारण त्याचा मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो. पसरट भांड्यात दोन बोटे जाडीचा थर करून निववावे आणि फ्रिजमध्ये पाच अंशांखाली ठेवावे. भात दुसऱ्या दिवशी संपवावा, भाजी-आमटी फार तर दोन-तीन दिवस. लागेल तेवढाच भाग काढून वाफा येईपर्यंत गरम करावा, आणि एकदा गरम केलेले पुन्हा आत ठेवू नये. या नियमांत राहिल्यास रविवारी दुप्पट शिजवलेले छोले मंगळवारी खुशाल वाढावेत.

आजीचे झटपट पदार्थ

आयती पाकिटे बाजारात येण्यापूर्वीही घाई होतीच. आमच्या सासूबाईंच्या फडताळात मेतकूट, थालीपीठाची भाजणी, सातूचे पीठ, कोरड्या चटण्या आणि गूळपापडीचा डबा कायम असे. या सर्वांत एक समान सूत्र आहे : भाजून पाण्याचा अंश काढून टाकलेला, म्हणून जंतूंना वाढायला वावच नाही. प्रवासाच्या दशम्या दुधात भिजवत, त्यामागेही पाणी टाळण्याचाच विचार होता. भाजणीत धान्य आणि डाळी एकत्र असल्याने प्रथिनांची परस्परांना पूर्ती होते. रात्री साडेआठला घरी येऊन वीस मिनिटांत थालीपीठ आणि दही मुलापुढे ठेवता येते. मिठाच्या पापड-लोणच्यांवर भागवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. सकाळच्या पोळ्या उरल्या असल्यास कुस्करा आहेच.

चार हात अधिक

सर्वांत मोठी बचत मात्र कोणत्याही उपकरणाने होत नाही, ती घरच्या माणसांनी होते. माझे यजमान सुरुवातीस फक्त चहा करीत. त्या दहीभाताच्या प्रसंगानंतर रात्रीचे आवरणे आणि उरलेले अन्न फ्रिजमध्ये ठेवणे, ही जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली. शस्त्रक्रियेनंतर उपकरणे मोजावीत, त्या काटेकोरपणे ते आजही डब्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या लावतात. पाच-सहा वर्षांचे मूल मटार सोलू शकते, कोथिंबीर निवडू शकते, पाने मांडू शकते. दहाव्या वर्षी कणीक भिजवू शकते. आच आणि सुरी मात्र मोठ्यांच्या देखरेखीखालीच. घरात चार-पाच वर्षांखालील भावंड असल्यास अख्खे शेंगदाणे आणि मटार त्याच्या हाती लागू देऊ नयेत. श्वासनलिकेत अडकलेला दाणा काढण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणी विसरलेला नसेल. आपण निवडलेली मेथी मुले कुरकुर न करता खातात, हाही माझा अनुभव आहे.

शेवटी एक विचार. या साऱ्या खटाटोपातून आमच्या घरी रोज साधारण पाऊण तास वाचू लागला. तो मी आणखी चार रुग्ण पाहण्यात घालवला असता, तर ही सारी टिपणे व्यर्थ ठरली असती. आम्ही तो पाऊण तास रात्रीच्या पानावर बसण्यात घालवला. टेलिव्हिजन बंद, आणि तिघेही जेवायला एकत्र. शाळेतील मारामारी, गणितातली भीती, मित्राचे बिनसणे, हे सारे मला त्याच पाऊण तासात कळले. आता मुलगा परगावी नोकरीस आहे. परवा रात्री त्याचा दूरध्वनी आला. म्हणाला, “आई, भात उरलाय. किती वाजेपर्यंत बाहेर चालेल?”

मी म्हटले, “आत्ताच पसरून फ्रिजमध्ये ठेव, आणि मग निवांत बोलू.”